जुनी पिकअप घरच्या घरी उभी करायचीय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

सगळ्यात पहिलं सांगतो ते हे, की सगळी गाडी एकदम खोलू नका. मी आठ वर्षांपूर्वी एक जुनी जीप घेतली होती, दोन रविवारात पार नटबोल्टपर्यंत खोलली, लय मजा आली, मग बोनेट कॉटखाली, सीटा गच्चीवर, गिअरबॉक्स जिन्याखाली अशी ती गाडी घरभर पसरली आणि दोन वर्षं तशीच राहिली. कुठला बोल्ट कुठला ते आठवेना, शेवटी आईनेच एक दिवस भंगारवाल्याला आवाज दिला आणि मी काही बोलू शकलो नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा पिकअप घेतली तेव्हा एकच नियम केला, एका वेळी एकच भाग खोलायचा, तो पूर्ण करून परत बसवायचा, आणि गाडी कायम चाकांवर ढकलता आली पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्याच क्रमाने आहे.

ही पिकअप नाशिकजवळच्या गिरणारे साइडच्या एका टोमॅटोवाल्या शेतकऱ्याकडून घेतली, २००४ ची महिंद्रा, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन, तीन वर्षं गोठ्यामागे उभी होती. मी सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये, त्यामुळे काम फक्त सुट्टीला आणि फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी चारनंतर. जागा म्हणजे मखमलाबादला मामांचं शेड. चौदा महिने लागले. यूट्यूबवर दहा मिनिटांत गाडी चकाचक होते ते विसरा.

कोणती गाडी घ्यायची

नाशिकमध्ये राहून पहिल्याच खेपेला महिंद्रा सोडून दुसरं काही घेणं म्हणजे येवल्यात राहून पैठणी पुण्याहून आणण्यासारखं आहे. बोलेरो २००० साली आली ती इथल्याच प्लांटमधून, इंजिनचा कारखाना इगतपुरीला, त्यामुळे २५२३ सीसीचं हे डीआय इंजिन डोळे झाकून खोलणारे मेकॅनिक वडाळा नाका, द्वारका भागात गल्लोगल्ली सापडतात आणि पार्ट त्याच दिवशी मिळतो. टाटा २०७ डीआय पण दणकट आहे, २९५६ सीसीचं इंजिन, ओढायला जोरदार, चांगली मिळाली तर घ्या. पण कॉमनरेल इंजिनवाली नवीन पिढीतली गाडी नवख्या माणसाने नको, त्यात सेन्सर, इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आले, आणि गाडी तीन वर्षं उभी राहिली असेल तर इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाचा खर्च गाडीच्या किमतीवर जाऊ शकतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला चालायला डिझेल, हवा आणि सेल्फ फिरवायला बॅटरी एवढंच लागतं.

आधी कागद

गाडी बघायला जायच्या आधी आरसी मागवा आणि नंबर टाकून ऑनलाइन बघा, टॅक्स कुठपर्यंत भरलाय, फिटनेस कधी संपलं, फायनान्सचा बोजा चढलेला आहे का, चलनं किती. बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मूळ मालकानेच आणायचा, "देतो नंतर" वर विश्वास ठेवू नका भो, नंतर तो माणूस फोन उचलत नाही.

बरेच जण म्हणतात पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. तसं नाहीये. डिझेलला दहा वर्षं हा नियम दिल्ली एनसीआरचा. आपल्याकडे प्रायव्हेट पासिंगची गाडी पंधरा वर्षांनंतर तपासून पाच वर्षांसाठी परत रजिस्टर होते, आणि पिवळ्या प्लेटची मालवाहू असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. वर पर्यावरण कर, इन्शुरन्स, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे सगळं जोडून किती होतंय ते पेठ रोडला आरटीओत जाऊन आधीच विचारा आणि ती रक्कम सौद्यात धरा.

दोन गोष्टी अजून. रंग बदलायचा असेल तर तो आरसीवर बदलून घ्यावा लागतो, म्हणून मी पांढरीची पांढरीच ठेवली. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलं त्यापेक्षा वेगळं काही करून ठेवलं, म्हणजे चासी कापून लांबी-उंची बदलली, दुसऱ्याच प्रकारचं इंजिन टाकलं, तर पासिंगला अडकणार.

चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आणि घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे त्या नंबरवर ग्रीसचा थर देऊन वरून टेप मारा आणि खडूने भलामोठा गोल करा. का, तर नंतर ग्राइंडर हातात आला की माणूस सुटतो, आणि गंज काढता काढता नंबरच पुसट झाला तर पासिंगला नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतात ती प्रिंट उठणार नाही आणि ती डोकेदुखी आयुष्यभराची.

गंज कुठे शोधायचा

बाहेरून रंग चमकतोय याला काही अर्थ नाही. फ्रिजवरचं चपटं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून दरवाजांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांना लावत जा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुटी भरलेली आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टण्ण वाजलं तर ठीक, थप्प वाजलं तर आतून गेलंय.

आपल्याकडच्या पिकअपचं एक खास दुखणं आहे. या गाड्यांनी आयुष्यभर खतं, द्राक्षाच्या फवारणीची औषधं, टोमॅटो आणि कांदा वाहिलेला असतो. खताचा चुरा आणि मोरचूद पत्र्याला खातं, पिचलेल्या टोमॅटोचं आंबट पाणी हौद्याच्या सांध्यात जाऊन बसतं, आणि कांद्याची टरफलं तर विचारू नका. माझ्या गाडीच्या हौद्याच्या आणि चासीच्या मधल्या फटीत हात घातला तर आधी वाटलं उंदराचं घरटं आहे, ओढलं तर ओंजळभर टरफलं, ओली, काळी पडलेली, आणि त्याला अजूनही लासलगावच्या मार्केटात उभं राहिल्यासारखा वास. त्याखालचा पत्रा पापडासारखा मोडला. टरफलं ओल धरून ठेवतात आणि पाणी जायची भोकं बुजवतात, पावसाळाभर पत्रा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखा.

मॅट उचला, पायाखालची फ्लोअर बघा. बॅटरीच्या ट्रेखाली बघा, ॲसिड सांडून तिथे गंज हमखास. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे बघा. पण हे सगळं पत्र्याचं काम, होऊन जातं. खरी नजर चासीवर ठेवा, विशेषतः मागच्या पाट्यांचे म्हणजे लीफ स्प्रिंगचे ब्रॅकेट जिथे बसलेत तिथे, वरच्या आणि खालच्या पट्टीला केसासारखी चीर दिसते का. ओव्हरलोड चाललेल्या गाडीला तिथेच चीर जाते. चिरेवर आधीच जाडजूड पट्टी वेल्ड केलेली दिसली तर नमस्कार करा आणि निघा.

आणि पुरातली गाडी ओळखायला शिका. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी गेलं की गोदाकाठच्या किती गाड्या बुडतात ते आपण २०१६ ला पण बघितलं आणि २०१९ ला पण. डॅशबोर्डखाली, सीटच्या स्प्रिंगांवर, हेडलाइटच्या आत वाळलेल्या बारीक गाळाची रेघ दिसली तर वायरिंग सगळं नवीन धरा.

जागा आणि हत्यारं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये होत नाही, दुसऱ्या दिवशी चेअरमन खाली उभे असतात. शेड पाहिजे, खाली कोबा पाहिजे. रिंग पाने आणि गोटी पान्याचा चांगला सेट, अँगल ग्राइंडर आणि त्याला वायरचा कप ब्रश, तीन टनाचा ट्रॉली जॅक, मल्टिमीटर, चष्मा, मास्क, हातमोजे. आणि घोड्या म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, चार. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचंच नाही, विटा रचून तर अजिबात नाही, वीट भार आल्यावर न सांगता फुटते.

नटबोल्टसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे. नातेवाइकांना सांगून ठेवलं तर दसऱ्यानंतर ढीगभर मिळतात. एका भागाला एक डबा, झाकणावर मार्करने लिहायचं, आणि काही खोलायच्या आधी मोबाइलवर चार फोटो.

जाम बोल्टला जोर लावायच्या आधी वेळ द्या. गंजलेल्या बोल्टला तारेच्या ब्रशने घासून तेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, मधे हातोडीने डोक्यावर दोन ठोके, मग पाना लावायचा आणि आधी थोडा आवळायच्या दिशेने हलवायचा. कट्ट असा आवाज येतो, तांबडी भुकटी तोंडावर पडते, आणि मग तो सुटतो. माझ्या हौद्याच्या बोल्टांपैकी दोन तरी मोडले, ते ग्राइंडरने उडवले. मोडणारच, मनाला लावून घेऊ नका.

उभी गाडी चालू करताना

गाडी घरी आली रे आली की नवीन बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह होतो. थांबा. आधी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडकत नाही ना. मग इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. टाकीतलं जुनं डिझेल खालच्या प्लगातून काढा, माझ्या टाकीतून काकवीसारखं काळं निघालं, टाकी उतरवून धुतली. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करायला जाऊ नका, रिकाम्या टाकीतल्या वाफेनेच स्फोट होतो.

डिझेल फिल्टर नवीन टाकला की लाइनीत हवा धरते. फीड पंपाचा हँड प्रायमर मारत फिल्टरचा एअर स्क्रू ढिला ठेवायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, तेव्हा आवळायचा.

आता स्टॉप केबल ओढून धरा म्हणजे डिझेल बंद, आणि सेल्फ दहा दहा सेकंद मारा, मधे गॅप देऊन, ऑइलचा लाल लाइट विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगांना तेल पोचलं की मग केबल सोडून स्टार्ट. शेजारी एक माणूस लाकडी फळी घेऊन उभा ठेवा, एअर क्लीनरचा पाइप काढलेला, इंजिन आपोआप रेस घ्यायला लागलं आणि थांबेना तर हवेच्या तोंडावर फळी दाबून धरायची. हात नाही, फळी.

चालू झाली की धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा चालतो. गरम झाल्यावरही निळा येत असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर एअर फिल्टर आणि नोझल बघा. ऑइल भरायचं झाकण उघडा, तिथून फुकफुक जोरात हवा मारत असेल तर त्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे रिंगा किंवा लायनर गेलेत आणि इंजिनचं काम निघणार. ते घरी करू नका. इंजिन उतरवून लेथवाल्याकडे आणि पंप-नोझल टेस्टिंगवाल्याकडे द्या, यात कमीपणा काही नाही.

रेडिएटरमधलं पाणी तांबडं असेल तर रॉडिंग म्हणजे आतल्या नळ्या साफ करून घ्या, होज पाइप सगळे बदला, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. थर्मोस्टॅट वॉल्व काढून फेकून द्या असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. निफाडकडे थंडीत पारा कुठे जातो माहितीये ना, वॉल्व नसेल तर इंजिन वेळेवर गरमच होत नाही, धूर जास्त आणि डिझेलही जास्त.

ब्रेक

इंजिन चालू झालं की मी उत्साहात वडाळा नाक्याच्या मेकॅनिक चाचांना फोन केला, चाचा हौद्याला कुठला रंग मारू. ते म्हणाले, "हौद्याचं राहू दे, ब्रेक खोलला का?" नव्हता खोलला.

ड्रम काढताना आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने तर मुळीच नाही, ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा. ड्रमवर किती मिलिमीटरपर्यंत चालेल ते कास्टिंगमध्येच लिहिलेलं असतं, त्याच्या वर गेला असेल तर घासून घेण्यात अर्थ नाही, नवीन. व्हील सिलिंडरचं रबर उचला, आत ओल दिसली तर लीक आहे. तीन वर्षं उभ्या गाडीचे मी सगळे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी पाइप नवीन टाकले, नुसतं रबराचं किट टाकून भागतं असं दुकानदार म्हणाला होता पण आतल्या भिंतीला खड्डे पडलेले असले तर नवीन रबरही महिन्याभरात गळतं. लोखंडी ब्रेक पाइप नखाने खरवडून बघा, गंजाचे पोपडे निघाले तर तोही बदला. आणि ब्रेक ऑइल गाडीतल्या डबीच्या टोपणावर लिहिलंय तेच, डॉट ३ असेल तर डॉट ३, उघडून ठेवलेला जुना डबा नको, ते हवेतला ओलावा ओढतं. रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा.

ब्रेकच्या लाइनीतली एअर काढायला दोन माणसं लागतात. मी खाली, मामांचा मुलगा पेडलवर. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाब. दाब. दाब. धर."

मी निपल अर्धा फेरा सोडला, नळीतून फस्स करून बुडबुडे.

"पेडल खाली गेलं दादा."

"तसंच धर, सोडू नको." निपल आवळला. "आता सोड."

यात एकच चूक सगळे करतात, निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा परत आत. आणि वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरू. आमच्याकडे दुसऱ्या चाकाला नेमका त्याला त्याच्या बायकोचा फोन आला, डबी सुकली, आणि आम्ही परत मागच्या डाव्याला.

हँडब्रेकची केबल, पाट्यांचे शॅकल बुश, शॉकअप, स्टीअरिंगचे टाय रॉड एंड, व्हील बेअरिंगांना नवीन ग्रीस, हे सगळं ब्रेकच्याच वेळी उरका, चाक तर काढलेलंच असतं.

पत्रा आणि चासी

आता गाडी चालतेय आणि थांबतेय, म्हणजे वेल्डिंगवाल्याकडे स्वतःच्या चाकांवर जाईल, टेम्पोचं भाडं वाचलं.

हौदा उतरवायला सहा-सात माणसं आणि दोन बांबू, किंवा चेन पुली. उतरवला की चासी धुवा, वाळू द्या, कप ब्रशने सैल गंज काढा. उघड्या पडलेल्या लोखंडावर गंज कन्व्हर्टर, तो फॉस्फोरिक ॲसिडवाला मिळतो, गंजाचा काळा टणक थर होतो, मग इपॉक्सी प्रायमर, मग चासीचा काळा. पावसाळ्याआधी चासीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे, गंज थांबतो हे खरं, पण त्यावर धुळीचा चिखल जमतो, रबरी बुश फुगतात आणि नंतर त्यावर कुठलाच रंग धरत नाही. आणि गंजावर तसंच डांबरी अंडरकोटिंग मारू नका, बाहेरून सुंदर दिसतं आणि आत ओल कोंडून पत्रा दुप्पट वेगाने जातो.

बिजागऱ्या, हुक, फाळक्याच्या कड्या अशा बारीक वस्तूंना घासत बसू नका. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह क्लिप गंजलेल्या वस्तूला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज सुटून येतो. स्टीलची म्हणजे स्टेनलेसची पट्टी पॉझिटिव्हला लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो, बिडी-सिगारेट लांब.

सडलेला पत्रा कापताना हात आखडू नका, चकचकीत चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. गंजक्या कडेला वेल्ड धरत नाही, भोक मोठंच होत जातं. केबिनला २० गेज, हौद्याच्या तळाला मी १४ गेज लावला. आर्क वेल्डिंगने केबिनचा पत्रा जळतो, सीओटू वेल्डिंगवाला शोधा, अंबडला फॅब्रिकेशनवाले पुष्कळ आहेत. टाके समोरासमोर मारायचे, एकाच कडेने सलग ओढत गेलं तर पत्रा वाकून पुरीसारखा फुगतो. चासीला चीर असेल तर तो प्रयोग घरी नाही, चिरेच्या टोकाला भोक पाडून, आतून प्लेट देऊन करणारा माणूसच पाहिजे.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि हे स्वतः करा. मी चहाला गेलो, वेल्डिंगवाल्याने तसंच सुरू केलं, संध्याकाळी अल्टरनेटर चार्जिंग देईना, डायोड उडालेले. तो म्हणाला आधीपासूनच खराब असेल. आता काय भांडणार.

वेल्ड झालं की मागची बाजू विसरू नका, प्रायमर, सांध्यावर सीलर. आणि पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना ते तार घालून बघा.

वायरिंग

शेतकऱ्याच्या गाडीत टेप, दोन जादा हॉर्न, एलईडी पट्ट्या, देवाच्या फोटोची लाइट असं वीस वर्षांत सगळं जोडलेलं असतं, तेही वायरी सोलून पिळे मारून. आधी ते जादाचं सगळं काढा, निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात. मग इंजिन ते चासी आणि चासी ते केबिन अशा अर्थिंगच्या पट्ट्या काढून, खालचं लोखंड चमकवून परत आवळा. बंद गाडीला बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीला साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. हेडलाइटला रिले टाका, स्विच जळत नाही. शेडमध्ये उंदीर असतील तर वायरिंगला जाळीदार पाइप घाला.

रंग

इथे मी वेगळं मत देतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही, एकदा फुप्फुसाने धसका घेतला की दमा मागे लागतो. मी तयारी सगळी घरी केली आणि केबिनचा शेवटचा कोट बूथवाल्याकडून मारून घेतला. बिलातला मोठा भाग मजुरी असते आणि मजुरी म्हणजे घासणं, ते आपण करू शकतो. हौदा मात्र घरीच, साध्या सिंथेटिक इनॅमलने, रोलरने. त्यावर उद्या क्रेटच घासणार आहेत.

घासायचा क्रम असा, उघडा पत्रा थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, खड्डा त्याहून खोल असेल तर आधी ठोकून वर काढा. ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०, कायम लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासलं तर रंग चढल्यावर बोटांच्या नाल्या दिसतात. सर्फेसर म्हणजे रंगाखालचा भरणीचा कोट मारला की वरून काळ्या स्प्रेचा हलका भुरका उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरने घासा, जिथे काळं राहिलं तिथे अजून खड्डा आहे.

वेळ महत्त्वाची. पावसाळ्यात रंगाचं काम काढूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण थंडीत सकाळी पत्रा दवाने ओला आणि बर्फासारखा गार असतो, त्यामुळे अकरा ते चार एवढंच काम. मी डिसेंबरमध्ये संध्याकाळी सहाला "एवढं फाळकं मारून घेतो" म्हणून मारलं, सकाळी बघतो तर दव बसून सगळं पांढुरकं, ताकासारखं. परत घासलं.

बाकीचं आणि पहिली चक्कर

दरवाजांचं बिडिंग, काचेचं रबर नवीन, मग कोणाला तरी केबिनमध्ये बसवून वरून तांब्या तांब्याने पाणी ओता, आतून बोट लावून सांगेल कुठे गळतंय. सीटा कुशनवाल्याकडे, जाड रेग्झिन, एका दिवसाचं काम. टायर नक्षी असूनही जुने असतील तर बदला, कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. माझ्या स्टेपनीवर ३१११ होतं.

पैशांचं म्हणाल तर गाडी ८५ हजाराला घेतली आणि वर दीड लाखाच्या आसपास गेले, कागदांसहित. विकून फायदा होत नाही, त्यासाठी करायचं असेल तर नकाच करू.

कागद चालू झाल्याशिवाय रोडवर नको, तोपर्यंत शेडपुढच्या मोकळ्या जागेत २० च्या स्पीडला ब्रेक मारून बघा, एका बाजूला ओढते का. रोडवर निघाल्यावर पहिली चक्कर सकाळी लवकर, गंगापूर धरणाकडे, रस्ता मोकळा असतो आणि बंद पडली तरी कडेला लावायला जागा आहे. मुंबई-आग्रा हायवेच्या फ्लायओव्हरवर पहिल्या दिवशी जाऊ नका आणि कसारा घाट तर महिनाभर विसरा. धरणावर थांबलो की चारही चाकांना हात लावून बघितलं, एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा चटका देत होता, म्हणजे लायनर टेकत होतं, तिथेच ॲडजस्टर दोन दाते मागे घेतला. ५० किलोमीटरला चाकांचे नट परत आवळा, ५०० ला पाट्यांचे यू बोल्ट, नवीन रंगावर आवळलेले असतात, रंग दबला की ढिले होतात. माझा मागचा उजवा पाऊण फेरा आवळला गेला.